गुलाबांच्या गाडीतला बोर्ड

मित्रांनो, मी एक जुना सर्किट बोर्ड आहे. बोर्ड म्हटले की तुम्हांला शाळेतला फळा आठवेल, पण मी तसला नाही. मी तळहातावर मावतो. एक तपकिरी पाटी, तिच्यावर वेटोळी घातलेल्या तीन तारा, कडेला चार पितळी पाय आणि मधोमध गव्हाच्या दाण्याहून थोडा मोठा असा एक फ्यूज. एवढेच माझे शरीर.

माझे काम काय, ते आधी सांगतो. मोटारीत थंडीच्या दिवसांत गरम हवा सोडणारा एक पंखा असतो. त्याला ब्लोअर म्हणतात. त्याच्या बटणावर एक, दोन, तीन, चार असे आकडे असतात. चार नंबरला पंखा बॅटरीचा करंट थेट घेतो आणि सुसाट धावतो. तिथे मला कोणी विचारत नाही. पण त्याला हळू चालवायचे असेल, तर करंट आधी माझ्या तारांतून जातो. मी त्यातला थोडा अडवतो, त्यापायी तापतो आणि पंख्याच्याच वाऱ्याने पुन्हा गार होतो. जोरात फुंकायला माझी गरज नाही. हळुवार फुंकायला आहे.

माझा जन्म एकोणीसशे चौऱ्याण्णव सालचा. एका कारखान्यात लांबलचक टेबलाशी ओळीने मुली बसलेल्या होत्या. त्यांच्या हातांतून पुढे सरकत सरकत मी तयार झालो. एकीने तार बसवली, दुसरीने वितळलेल्या कथलाचा डाग दिला, तिसरीने फुंकर मारून पाहिले. त्यांचे चेहरे मला आठवत नाहीत. बोटे मात्र अजून आठवतात. पुढे कितीतरी वर्षे मला तशी बोटे लागली नाहीत.

मला एका पांढऱ्या मोटारीत डॅशबोर्डच्या कप्प्यामागे बसवले. तिथे कायमचा अंधार. दिसत काही नाही, फक्त ऐकू येते. ती मोटार इंदिरानगरातल्या एका डॉक्टरांनी घेतली. डॉक्टरांचे वडील थंडीत शेजारी बसले की म्हणायचे, "एक नंबरवर राहू दे रे. बरं वाटतं गुडघ्यांना." माझ्या वाट्याला आलेली ती पहिली शाबासकी. नाशिकची थंडी कडक खरी, पण ती दोन-अडीच महिन्यांची. उरलेले वर्ष मी नुसता बसून असे. पंख्याच्या पेटीत धूळ साचत गेली, वाळकी पाने साचत गेली. मला साफ करावे असे कोणाच्या मनातही आले नाही. मी आहे हेच कोणाला ठाऊक नव्हते.

दोन हजार एक साली डॉक्टरांनी नवी गाडी घेतली आणि माझी मोटार मखमलाबादच्या सावळीराम तात्यांना विकली. तात्यांचा दोन एकरांचा गुलाबाचा मळा होता. त्यांनी मागचे बाक काढून टाकले आणि तिथे गोणपाट अंथरले. पहाटे गुलाब तोडायचे, वीस-वीसच्या जुड्या बांधायच्या, ओल्या कागदात गुंडाळायच्या आणि दिवस उगवायच्या आत गोदाकाठच्या फूलबाजारात पोहोचायचे. गाडी तात्यांचा मुलगा ज्ञानेश चालवायचा. शेजारी त्याची आई रंगूबाई बसायची, कारण भाव करावा तर तिनेच. आणि तोडणी, जुड्या, गाडी भरणे हे सारे सून रूपालीकडे.

रूपाली बोलायची कमी. तिच्याबद्दल मला एकच गोष्ट विचित्र वाटे. मळ्यासमोरच्या रस्त्यावरून रोज सकाळी कंपनीची बस जायची. पोरींच्या हसण्याचा आवाज यायचा आणि लगेच रंगूबाईचा आवाज, "रूपाली, हात का थांबला गं?" रोज बस जायची आणि रोज हात थांबायचे. का, ते मला तेव्हा कळत नव्हते.

मित्रांनो, ती दोन वर्षे माझी खऱ्या कामाची. असे पाहा, ओल्या फुलांनी गाडी भरली आणि काचा बंद केल्या की आतून काचेवर दव धरते. पुढचे काही दिसत नाही. काच स्वच्छ करायला गरम हवा हवी. पण गरम हवा जास्त झाली तर गुलाबाची कळी गाडीतच उमलते, आणि बाजारात मान असतो तो कळीला. उमललेले फूल कोणी हातात धरत नाही. म्हणून एक नंबर. काचेपुरती ऊब, फुलांना धक्का नाही. माझ्या तारांनी ते काम नेमके साधले होते. ओल्या गुलाबांचा वास पंख्याच्या पेटीत शिरायचा आणि माझ्या अंगावरून जायचा. आता तो वास कुठे?

पण वासाबरोबर पाकळ्याही शिरायच्या. आधीच्या पाचोळ्यावर त्या बसल्या आणि माझ्याकडे येणारा वारा कोंडला. मी तापू लागलो. एका पायाजवळचा डाग तडकला. तरी मी रेटत राहिलो. शेवटी दोन हजार दोनच्या डिसेंबरात, एका पहाटे, माझ्या मधोमध असलेला फ्यूज तुटला.

ज्ञानेशने बटण एकवर फिरवले. शांतता. दोन, तीन, काही नाही. चारवर मात्र पंखा भणाणला.

"चारच चालतोय, आई."

"मग चार लाव. काच तर दिसली पायजे."

बाजारात पोहोचेपर्यंत वरच्या जुड्यांतल्या कळ्या उमलून गेल्या होत्या. रंगूबाईचा आवाज चढला. "फुलं पार भाजून काढली रं! कोण घेईल आता ही?"

दुसऱ्या दिवशी ज्ञानेशने पंखा लावलाच नाही. एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्या हातातल्या फडक्याने काच पुसणे. मखमलाबाद नाक्याच्या अलीकडे एक धडक बसली, डबे रस्त्यावर आपटल्याचा मोठा आवाज झाला आणि कोणीतरी कळवळून ओरडले. कोंडाजी दूधवाला होता. सायकलवरून दोन्ही बाजूंना कॅन लावून निघालेला. ज्ञानेशला तो दिसलाच नव्हता. नशीब, गाडी हळू होती. कोंडाजीच्या कोपराला सात टाके पडले.

त्या दिवशी घरी कोणी नीट जेवले नाही. रंगूबाई एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "आज त्याचा हात गेला, उद्या जीव जाईल. गाडी बंद. पयली गाडी बंद करा."

पण गाडी बंद करून चालणार कसे? मार्गशीर्ष चालू होता. गुरुवारी घरोघरी महालक्ष्मीची पूजा, फूलबाजारात पाय ठेवायला जागा नसायची. मळा कळ्यांनी लगडला होता आणि पहिली एसटी फूलबाजार सुटल्यावर पोहोचायची. ज्ञानेश गॅरेजमध्ये जाऊन आला.

"आख्खा सेट बदलावा लागेल म्हणतात. मुंबईहून यायला वीस दिवस. नाहीतर म्हणे बोर्डावर तारेचा तुकडा टाकून देतो, चालतंय तसंच."

तेव्हा रूपाली बोलली. गाडीचे दार उघडे होते, म्हणून मला नीट ऐकू आले.

"तारेचा तुकडा टाकू नका."

"का?"

"फ्यूज उगाच तुटत नाही. आत काहीतरी तापतंय, म्हणून तो तुटला. तो तुटला नसता तर गाडी पेटली असती. त्याच्या जागी तार टाकली, तर पुढच्या वेळी तुटायला कोणीच नाही." मग ती म्हणाली, "मी बघू का?"

"तू?" रंगूबाई म्हणाली. "बाईमाणसानं गाडीच्या पोटात डोकं घालायचं? लोक काय म्हणतील?"

तात्या पडवीत बसले होते. ते म्हणाले, "घालू दे की. आपण सगळे डोकं भायेर ठेवून काय करतोय?"

बुधवारी दुपारी रूपालीने पदर खोचला, कप्पा काढला आणि पाठीवर आडवी होऊन हात आत घातला. अंधारात चाचपणारी ती बोटे माझ्यापर्यंत आली. मित्रांनो, मी ती लगेच ओळखली. ही तीच मुलगी होती असे मी म्हणत नाही. पण बोटे त्या जातीची होती. तारेला न दुखवता कडेने धरणारी. आठ वर्षांनी मला कोणीतरी नीट धरले होते.

तिने मला बाहेर काढले आणि ओट्यावर, खिडकीच्या उजेडात ठेवले. मग पंख्याच्या पेटीतला कचरा काढला. पानांचा, धुळीचा आणि वाळून काळ्या पडलेल्या पाकळ्यांचा ढीग निघाला. "हे बघा," ती रंगूबाईला म्हणाली, "आपल्याच फुलांनी ह्याचा श्वास कोंडला होता."

बॅटरी आणि छोटा बल्ब जोडून तिने माझी एकेक तार तपासली. तारा शाबूत होत्या. एका पायाचा डाग तडकला होता आणि फ्यूज गेला होता. फ्यूजवर किती अंशांना तो तुटतो तो आकडा बारीक अक्षरांत कोरला होता. तो कागदावर उतरवून तिने ज्ञानेशला सायकलवर शहरातल्या दुकानात पिटाळले. "हाच आकडा आणा. दुसरा दिला तर घेऊ नका. आणि दोन आणा."

तोवर तिने ट्रंकेच्या तळातून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला. त्यात कथील वितळवून डाग द्यायची, पेनासारखी सोल्डरिंगची इस्त्री होती. चिमटा होता. सोल्डरचे, म्हणजे कथलाच्या तारेचे रीळ होते, अर्धे संपलेले. रंगूबाई बघतच राहिली.

"हे कुठून आलं?"

"लग्नात आणलं होतं."

"आन् पाच वर्षं डब्यात?"

रूपाली इस्त्रीचे टोक पॉलिश पेपरने घासत होती. घासता घासता ती सांगू लागली. अंबडच्या एका कंपनीत तिने पाच वर्षे टीव्हीचे बोर्ड जोडले होते. दिवसाला दीडशे. शेजारी छाया नावाची मैत्रीण बसायची. नाजूक जागी डाग द्यायचा असला की एकीने इस्त्री धरायची, दुसरीने चिमटा. बोलायचीही गरज पडायची नाही. दोघींनी मिळून सिडकोत दुरुस्तीचे दुकान टाकायचे ठरवले होते, नावही ठरले होते. मग एका सकाळी कंपनीच्या गेटवर कुलूप आणि एक कागद. "माझा अॅप्रन अजून आतच आहे," रूपाली म्हणाली. "खुर्चीला लावलेला. छायाचं लग्न सिन्नरला झालं. दोन पत्रं आली, मग नाही आली. मी पाठवलं ते परत आलं."

"म्हणून व्हय बस गेली की हात थांबतो तुझा."

रूपालीने इस्त्रीचे टोक पुन्हा घासायला घेतले.

"मंग आजवर सांगितलं का नाय?"

"कोणी विचारलं नाही, आत्याबाई."

ज्ञानेश साडेतीनला आला. पाच वाजता वीज जाणार होती, भारनियमनाचे दिवस ते. रूपालीने आधी तडकलेला डाग काढून नवा दिला. तो थोडा जाडा झाला, पण पक्का बसला. मग तिने फ्यूज घेतला. इथे खरी अडचण होती. उष्णतेने तुटणाऱ्या वस्तूला उष्णतेनेच चिकटवायचे. फ्यूजलाही तारेचे दोन पाय असतात; इस्त्रीचा ताप त्यांतून वर चढला की फ्यूज गेलाच. म्हणून पायाला मधेच चिमटा धरायचा, म्हणजे ताप चिमटा पितो. एका हातात इस्त्री, एका हातात सोल्डर, तिसरा हात आणायचा कुठून? तिने चिमटा पुस्तकांच्या थप्पीत अडकवून पाहिला. डाग दिला. बल्ब लावला.

बल्ब पेटला नाही. नवा फ्यूज गेला होता.

तिने इस्त्री बाजूला ठेवली. "विसरले," ती म्हणाली. "हात विसरले माझे." आणि ती रडू लागली. आवाज न करता, मान खाली घालून. मला वाटत नाही ती फ्यूजसाठी रडत होती. माझ्यावर दोन थेंब पडले, ते तिने घाईने पदराने टिपले.

साडेचार वाजले होते. एकच फ्यूज उरला होता. उद्या गुरुवार.

रंगूबाई उठली. तिने हात धुतले, कोरडे केले आणि सुनेच्या शेजारी ओट्याशी उभी राहिली. "दे इकडं तो चिमटा. कुठं धरायचा, किती येळ धरायचा, ते सांग."

"चटका बसेल, आत्याबाई."

"चाळीस वरसं चुलीशी बसले मी. मला चटक्याचं सांगू नको."

रूपालीने जागा दाखवली. गुलाबाचे काटे काढून काढून राठ झालेली ती म्हातारी बोटे चिमट्यावर आवळली आणि हलली नाहीत. इस्त्री आली. धूर आला. कथील चमकले आणि पसरले. "सोडू?" "नको. अजून धरा. गार होऊ द्या." दोघींच्या कपाळांत वीतभरही अंतर नव्हते. मग दुसरा पाय. मग बल्ब.

बल्ब पेटला.

रंगूबाईने एवढा मोठा श्वास सोडला की तात्या पडवीतून आत आले.

गुरुवारी पहाटे रंगूबाई सुनेला म्हणाली, "तू पण चल. मधीच बंद पडला तर कोण बघंल?" रूपाली मागे, फुलांत बसून आली. ज्ञानेशने बटण एकवर फिरवले. माझ्या तारांतून करंट वाहिला, मी ऊनऊन झालो आणि पंखा हळू, अगदी हळू फिरू लागला. काचेवरचे दव खालून वर विरत गेले. बाजारात पहिली जुडी उघडली तेव्हा कळ्या जशाच्या तशा मिटलेल्या होत्या. शेजारच्या गाळ्यातली सरुबाई म्हणाली, "आज लय ताजा माल हाय, रंगूबाई." रंगूबाई म्हणाली, "सुनेनं गाडी नीट केली. चिमटा मी धरला."

ही गोष्ट तिने पुढे वर्षभर सगळ्यांना सांगितली. मग काय, कोणी रेडिओ घेऊन यायचा, कोणी मिक्सर. कोंडाजी दूधवाला तर विजेरी घेऊन आला आणि तासभर गप्पा मारून गेला. एकदा रूपालीने सिन्नरलाही गाडी न्यायला लावली. जुन्या पत्त्यावर दुसरेच कुटुंब राहत होते. छाया कुठे गेली, कोणाला माहीत नव्हते. परतीच्या वाटेवर रूपालीने स्वतःच बटण एकवर फिरवले आणि घर येईपर्यंत बंद केले नाही. थंडी नव्हती त्या दिवशी. तरी मी चालत राहिलो. मला तेवढेच येते.

मग तात्या गेले. भावांत वाटण्या झाल्या. शहर मखमलाबादपर्यंत सरकत आले होते. रस्ता मोठा झाला, मळ्याचे प्लॉट पडले. गुलाबाची शेवटची झाडे उपटली, त्या दिवशी गाडी अंगणातच उभी होती. त्यानंतर ती कुठे फारशी गेलीच नाही. ज्ञानेश एका गोदामात नोकरीला लागला. दोन हजार आठ साली इंजिन बसले आणि भंगारवाला आला. तो गाडी नेण्याआधी रूपाली कप्प्यामागे हात घालून मला काढून घेऊन गेली. भंगारवाला हसला, "ह्याचं काय करणार, ताई?" ती म्हणाली, "असू दे."

त्याच हिवाळ्यात अंबडच्या एका नव्या कंपनीत बोर्ड दुरुस्तीसाठी बायका हव्या होत्या. रूपाली गेली. चौतीस वर्षांची, पर्समध्ये मी. टेबलामागच्या तरुण साहेबांनी विचारले, "मधली अकरा वर्षं काय केलं?"

"गुलाब तोडले."

"मग आता हात चालेल का?"

तिने मला पर्समधून काढून टेबलावर ठेवले. साहेबांनी भिंग लावले. माझी पाठ पाहिली. जाडा डाग पाहिला, मग फ्यूजच्या पायांचे दोन डाग पाहिले. बराच वेळ पाहिले. "हे कुठल्या मशीनवर केलं?"

"घरी. ओट्यावर. सहा हिवाळे चालला हा."

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा रंगूबाई खाटेवर बसून होती. तिला आता चालवत नव्हते. खिडकीतून समोरच्या प्लॉटवरच्या विटा दिसत होत्या, ती तिकडेच पाहत होती.

"लागली का?"

"लागली. उद्यापासून."

रंगूबाईने विटांवरची नजर काढली आणि विचारले, "बस किती वाजता येते?"

"सात वाजता."

"मंग मला सहाला उठव. बसल्या बसल्या भाकरी येतात मला अजून. दोन जास्तीच्या घालते. तुझ्या शेजारी कोणीतरी बसंलच की."

मित्रांनो, मी आता रूपालीच्या कपाटात एका खणात असतो. माझ्यातून वीज वाहत नाही. नव्या गाड्यांना माझे पाय बसत नाहीत. थंडी पडली की मात्र आतून काहीतरी हलते. वाटते, कोणीतरी बटण एकवर फिरवावे, समोर दव धरलेली काच असावी आणि मागे ओले गुलाब. ते आता होणे नाही, हे मला कळते.

तुम्हांला एवढीच विनंती. एखादी वस्तू बंद पडली तर ती फेकण्याआधी उघडून बघा, तिचा श्वास कशाने कोंडला आहे ते शोधा आणि घाईने तारेचा तुकडा टाकू नका. आणि तुमच्या घरातही कोणीतरी असेल, कामात बुडालेले, कमी बोलणारे. त्यांच्या हातांना पूर्वी काय काय येत होते, ते एकदा विचारा. विचारल्याशिवाय ते सांगत नाहीत.